मोडक्या मराठीचे श्रोते

परभाषकाने मराठीत बोललेले पहिले वाक्य मराठी माणूस सहसा शेवटपर्यंत ऐकून घेत नाही. 'दादा, ठाण्याला जायला कुठली गाडी' एवढे झाले, की 'जायला'मधला ज त्याच्या कानाला किंचित टोचतो आणि उत्तर हजर होते : 'ठाणा ना? वो सामने का स्लो पकडो.' विचारणाऱ्याने हे वाक्य कदाचित आठवडाभर घोकलेले असते. 'ठाणे'चे 'ठाण्याला' कसे होते हे समजून घेण्यात त्याची एखादी संध्याकाळ गेलेली असते. त्याचे श्रेय पदरात पडण्याआधीच गाडी हिंदीच्या रुळावर गेलेली असते. या सबंध संवादात मराठी बोललेला माणूस एकच, आणि तो म्हणजे ज्याला मराठी येत नाही तो.

असे का होते याची कारणे विचारली तर ती तयार असतात. समोरच्याला त्रास नको, घाई आहे, त्याला नीट कळले नाही आणि तो बोरिवलीला पोचला तर? कारणे सगळी सभ्य आहेत. जे सांगितले जात नाही ते असे, की बऱ्याच मराठी माणसांच्या मनात मराठी ही घरात घालायच्या कपड्यांसारखी आहे. दाराची कडी वाजली आणि बाहेर अनोळखी आवाज ऐकू आला, की बनियनवर शर्ट चढवून मगच दार उघडायचे, तशी परक्यासमोर हिंदी चढवली जाते. शर्टाची बटणे वरखाली लागलेली असतात ही गोष्ट वेगळी. 'मेरेको', 'तेरेको', 'सीढी पे से पाय घसरा', 'बस आया नही अभी तक' अशी ही हिंदी असते. ज्या कानाला 'जायला'मधला ज टोचला होता, त्याच कानाला स्वतःच्या तोंडची पुल्लिंगी बस अजिबात टोचत नाही.

या सवयीचा कळस भाजीबाजारात पाहायला मिळतो. गिऱ्हाईक मराठी, विक्रेता मराठी, मेथी नाशिकची. गिऱ्हाईक विचारते, 'भैया, मेथी कैसे दिया?' विक्रेता सांगतो, 'तीस का एक, पचास का दो.' घासाघीस रंगात आलेली असताना विक्रेत्याचा फोन वाजतो आणि तो म्हणतो, 'हां आई, जेवलो. तू गोळी घेतलीस का?' गिऱ्हाईक हे ऐकते. आपण दोघेही मराठी आहोत हे दोघांनाही कळते. विक्रेता फोन खिशात ठेवतो आणि गिऱ्हाईक म्हणते, 'पैंतालीस में दो देना है क्या?' एकदा हिंदीत सुरू झालेला व्यवहार मध्येच मराठीत आणणे म्हणजे सुरुवातीचा अंदाज चुकल्याची कबुली देणे, आणि तेवढा कमीपणा जुडीमागे पाच रुपये सुटले तरी कोणी घेत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. भाजीबाजारात त्याने काही फरक पडल्याचे दिसले नाही.

याच शहरांत 'महाराष्ट्रात राहायचे तर मराठी आलीच पाहिजे' असे फलक लागतात. मागणी रास्त आहे. 'येथे मराठीचा सराव करून मिळेल' असा फलक मात्र कुठे आढळत नाही. सराव करून देणारी खरी संस्था शहराबाहेर आहे, आणि ती म्हणजे हिंदी न येणारी आजी. तिला दुसरी भाषाच येत नसल्यामुळे ती बदलण्याचा प्रश्न येत नाही. समोरच्याला कळले नाही, तर ती तेच वाक्य पुन्हा म्हणते, या वेळी मोठ्याने. तरीही कळले नाही, तर आणखी मोठ्याने, हातवारे करून, आणि शेवटी दंडाला धरून त्या वस्तूपाशी नेऊन. द्राक्षबागेत किंवा बांधकामावर आलेला झारखंडचा मजूर अशा आजीच्या शेजारी राहिला, तर तो काही महिन्यांत 'पाणी गेलंय, नळ बंद कर' इथपर्यंत सहज पोचतो. मुंबईत वीस वर्षे काढलेला त्याचा गाववाला तेव्हा 'काय पायजे' आणि 'चला, पुढे चला' एवढ्यावरच असतो. यात त्या गाववाल्याचा आळस थोडा आहे. श्रोत्यांची तत्परता जास्त आहे.

हिंदीत उडी न मारता श्रोता जागेवर थांबला, तर पुढची पायरी कौतुकाची. कौतुकाचा नियम साधा आहे : परभाषकाचे गाव जितके लांब, तितके त्याच्या मराठीचे कौतुक जास्त. जर्मनीहून आलेल्या तरुणाने 'मला पुरणपोळी आवडते' एवढे म्हटले, की 'अय्या, किती गोड!' असे उद्गार निघतात, मोबाइल बाहेर येतात, आणि गणेशोत्सव जवळ असेल तर मंडळाकडून शाल-श्रीफळाचीही शक्यता असते. पोळी कोणी केली, कोणी खाल्ली, किती खाल्ल्या, यातले काहीही सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. चेन्नईहून बदली होऊन आलेला बँकेचा व्यवस्थापक याच्या दसपट मराठी बोलला, तर 'बरं बोलतात हं साहेब' एवढे मिळते. तीन पिढ्या गावात दुकान असलेल्या गुजराती कुटुंबाला काहीच मिळत नाही. 'त्यांचं काय, ते इथलेच.' उत्तर प्रदेशातून आलेला टॅक्सीवाला मराठीत बोलतो हे तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, कारण प्रवाशाने दार उघडतानाच हिंदी सुरू केलेली असते.

लांबून आलेल्यांच्या कौतुकाला इतिहास आहे आणि तो खोटा नाही. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी ओवीछंदात 'क्रिस्तपुराण' लिहिले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या ६०,००० च्या आसपास गेली. आजही एखाद्या जुन्या शब्दाच्या अर्थावरून दोन मराठी विद्वानांत जुंपली, की निवाडा साहेबाच्या कोशातून होतो, आणि जो हरतो तो 'साहेबाला काय कळतंय' असे म्हणतो. कोशाच्या कामातले त्यांचे सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी तर बाजूच उलटवली. शाळाखात्याची मराठी पुस्तके अनेक वर्षे त्यांच्या तपासणीतून जात असत. म्हणजे मराठी पंडिताने लिहिलेली मराठी इंग्रज माणूस दुरुस्त करून देत असे. स्वल्पविराम, अर्धविराम वगैरे इंग्रजी चिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेयही त्यांच्याकडेच जाते. परभाषकाच्या चुका काढणाऱ्या लेखी मजकुरातले स्वल्पविराम अशा रीतीने परभाषकानेच दिलेले आहेत.

अलीकडच्या काळात हायडलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर खंडोबाचा माग काढत धनगरांबरोबर हिंडले आणि त्यांनी धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर प्रबंध लिहिला, मग फलटणलाच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या, तिथे शाळा काढली आणि मराठी शिकू पाहणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तके तयार केली. अशा माणसांसमोर मराठी श्रोता अडचणीत येतो. कौतुकासाठी त्याच्याकडे एकच वाक्य असते, 'तुम्ही किती छान मराठी बोलता', आणि समोरची व्यक्ती त्याच्याहून चांगली मराठी बोलत असल्यामुळे ते म्हणताना त्याची जीभ अडखळते.

कौतुकानंतर हसू येते. परभाषकांच्या चुकांवर मराठी माणूस मनापासून हसतो, पण नेमके काय चुकले हे त्याला सांगता येत नाही. लिंगाचा प्रश्न घेतला तरी हे पटते. घरात ढेकूण पुल्लिंगी, पिसू स्त्रीलिंगी आणि झुरळ नपुंसकलिंगी. पुरुषाची दाढी स्त्रीलिंगी, मिशीही स्त्रीलिंगी. बाईचा अंबाडा आणि पदर मात्र पुल्लिंगी, आणि दोघांच्या संसाराची खूण असलेले मंगळसूत्र नपुंसकलिंगी. 'पोर' या शब्दाने तर तिन्ही घरे धरून ठेवली आहेत : तो पोर, ती पोर, ते पोर. हे सगळे कशावरून ठरते असे शिकणाऱ्याने विचारले, की मराठी माणूस थोडा वेळ छताकडे पाहतो आणि सांगतो, 'तसंच म्हणतात.' आणखी खोदून विचारले, तर 'दुसरं कानाला बरं नाही वाटत.' मराठी व्याकरणाचे हे दोनच नियम घरोघर पाठ आहेत आणि त्यांना अपवाद नाहीत. इंग्रजांच्या राज्यात आलेली बस स्त्रीलिंगी, ट्रक पुल्लिंगी आणि स्टेशन नपुंसकलिंगी हे कोणत्या बैठकीत ठरले, त्याची नोंद नाही. ठराव मात्र सर्वांना मान्य आहे. फक्त पेनवर एकमत झालेले नाही. एकाच घरात थोरल्याचा तो पेन हरवतो आणि धाकट्याचे ते पेन सापडते.

भूतकाळात शिकणाऱ्याची परीक्षा आणखी कडक होते. मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. खाणारा पुरुष आहे की बाई, एकटा की पंगतीला बसलेला, याच्याशी क्रियापदाला कर्तव्य नाही. त्याचे सगळे लक्ष ताटातल्या पदार्थाकडे. पदार्थ संपून माणूस उठला, की मात्र क्रियापद एकदम माणसाकडे वळते : मी उठलो, मी उठले. 'रामाने रावण मारला' यात क्रियापद रावणाच्या बाजूने उभे राहते. 'रामाने रावणाला मारले' असे म्हटले, की दोन पराक्रमी पुरुष समोर असूनही ते नपुंसकलिंगी होऊन तटस्थ राहते. याला कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतात. शाळेत 'प्रयोग ओळखा' या प्रश्नाने तो प्रत्येकाला एकदा भेटलेला असतो आणि परीक्षा संपल्यावर कायमचा सोडून गेलेला असतो. त्यामुळे 'मी भाकरी खाल्लो' हे ऐकल्यावर श्रोता हसतो खरा, पण का हसला ते विचारले तर तो पुन्हा छताकडे पाहतो.

आणि ळ. हिंदीभाषक पुष्कळदा त्याचा ल करतात. मग पोळीची पोली होते, टाळीची टाली होते आणि 'मी केळं खाल्लं'चे 'मी केलं खाल्लं' होते. ही चूक निरुपद्रवी आहे. धोका आहे तो ळ जमू लागल्यानंतरचा, कारण नवे शिकलेले अक्षर माणूस नव्या अंगठीसारखे वापरतो. जिथे हात दाखवायचे कारण नाही तिथेही दाखवतो. सोसायटीचा पहारेकरी चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांना अदबीने सांगतो, 'साहेब, काळ आला होता. तुम्ही घरी नव्हते. उद्या परत येणार बोलला.' आला होता तो कुरियरवाला, आणि आला होता तो काल. गृहस्थ हसतात, चार जणांना सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी कारण नसताना दिवसभर बाहेर राहतात.

'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक हिंदीत नाही आणि इंग्रजीतही नाही. ऐकणाऱ्यालाही धरून बोलायचे तेव्हा 'आपण', त्याला वगळून बोलायचे तेव्हा 'आम्ही'. मराठी बाळाला हे बोलू लागताच कळते. कार्यालयात नव्याने आलेल्या लखनौच्या तरुणाला ते कळलेले नसते, आणि तो शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मुलीला आनंदाने सांगतो, 'आपण डिसेंबरमध्ये लग्न करतोय.' त्याची वाग्दत्त वधू कानपुरात असते. शेजारचे टेबल दोन दिवस गप्प राहते. निरोप घेतानाही अशीच फसगत होते. पाहुणा उठून 'मी जातो' म्हणाला, की घरातल्या मोठ्या बाई दचकून म्हणतात, 'जातो म्हणू नये, येतो म्हणावं.' दुसऱ्या दिवशी तो शहाणा होऊन फोनवर 'मी येतो' म्हणतो, तेव्हा त्याच बाई आणखी एकाच्या पोळ्या लाटायला घेतात.

चूक झाली, की तिची नक्कल होते. मराठी फार्सच्या रंगभूमीवर गुजराती शेठ, पारशी बावाजी, मद्रासी अण्णा आणि भय्या ही मंडळी अनेक पिढ्या नियमाने येत राहिली. त्यांचे काम एकच : लिंग चुकवायचे आणि हशा वसूल करायचा. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तले पारशी पेस्तनकाका किंवा 'गणगोत'मधले बेळगावचे कानडी वळणाचे रावसाहेब हे या रांगेत बसत नाहीत, कारण तिथे चुकांच्या मागे माणूस उभा आहे. त्यांच्या मागून आलेल्या बऱ्याच लेखकांनी माणूस तेवढा गाळला आणि चुका उचलल्या. रंगमंचावरचा शेठ अजूनही 'काय बोलते तू' म्हणतो. दुकानातल्या खऱ्या शेठच्या नातवाने दरम्यान आंतरशालेय मराठी वक्तृत्व स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवलेला असतो. नकलेचा दुसरा प्रकार मदतीच्या भावनेतून येतो. समोरच्याला सोपे जावे म्हणून मराठी माणूस स्वतःच मोडके बोलू लागतो : 'शेठ, तू भाव कमी कर नी, मी उद्या पण येल.' शेठ त्याला स्वच्छ मराठीत सांगतो, 'ताई, या भावात मला परवडत नाही.' मोडके बोलणारा बदलला, हे ताईंच्या लक्षात येत नाही.

अंतराचा नियम इथपर्यंत ठीक चालतो. पण अंतर कमी होत होत शून्यावर आले, की कौतुक शून्यावर थांबत नाही. ते उणे होते. २०११ च्या जनगणनेत ज्यांनी मराठी ही मातृभाषा सांगितली ते आठ कोटींहून अधिक लोक एकमेकांच्या मराठीला जे करतात, त्यापुढे परभाषकाला भोगावे लागते ते काहीच नाही. नागपूरचा विद्यार्थी पुण्यात 'काय करून राहिला?' असे विचारतो, तेव्हा त्याला 'करून झाल्यावर कशाला राहतोय?' असे उत्तर मिळते आणि उत्तर देणारा स्वतःच्या विनोदावर खूश होतो. हा विनोद त्या नागपूरकराने त्या महिन्यात अकराव्यांदा ऐकलेला असतो. कोल्हापूरकडची मुलगी वसतिगृहात 'मी येतो गं' म्हणते, आणि तिच्या आई-आजी जसे बोलत आल्या तसेच ती बोलते हे लक्षात न घेता खोलीतल्या मुली तिला 'दादा' म्हणू लागतात. जळगावकडच्या बोलीचे नशीब सर्वांत विचित्र आहे. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या कविता त्या बोलीत आहेत. त्या पाठ्यपुस्तकात येतात, त्यांचे रसग्रहण लिहिले की गुण मिळतात. त्याच मुलखातल्या मुलीने तशाच भाषेत निबंध लिहिला, की गुण जातात.

ण आणि न यांच्या बाबतीत तर हसू पुष्कळदा विनोदाचे राहत नाही. 'पानी', 'लोनी', 'कोन' असे म्हणणारी माणसे महाराष्ट्रात लाखोंनी आहेत आणि त्यांची मराठी अस्सल मराठीच आहे. परदेशी पाहुणा 'पानी' म्हणाला, तर त्याला मायेने 'पाणी' शिकवले जाते. खेड्यातून शहराच्या शाळेत आलेला मुलगा 'पानी' म्हणाला, तर त्याची जात, गाव आणि बापाचा धंदा यांचा अंदाज बांधला जातो, आणि वर्गात एकदा हशा झाला की तो मुलगा वर्षभर हात वर करत नाही. दाद न देण्यासारखी ही खोड आहे. गंमत अशी, की हसणारा हाच सुशिक्षित श्रोता हिंदी बोलू लागला म्हणजे नेमका तिथे 'पाणी' म्हणतो, जिथे 'पानी' बरोबर असते.

स्वतःची वेगळी भाषा अचूक बोलणाऱ्यालाही कधी कधी मोडक्या मराठीचे प्रमाणपत्र मिळते. गोव्याच्या माणसाने 'तुका कितें जाय?' असे विचारले, की घाटावरचा पर्यटक कौतुकाने म्हणतो, 'बघा, मराठीच आहे की, जरा वेगळी बोलतात एवढंच.' कोकणी १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. पर्यटकाने अनुसूची वाचलेली नसते. उलट टोकाला तंजावरची मराठी आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिकडे गेलेल्या कुटुंबांनी ती तमिळच्या शेजारात घराघरांत टिकवली, आणि तिच्यात इकडे कधीच मागे पडलेले शब्द आणि वळणे सापडतात. असे कोणी पुण्यात येऊन बोलू लागले, तर श्रोता म्हणतो, 'साउथचे असून बरीच मराठी शिकलात की!'

अमेरिकेहून उन्हाळ्याच्या सुट्टीत येणारी नातवंडे या सगळ्या प्रतिक्रियांना एकाच महिन्यात तोंड देतात. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या परिवारातल्या शाळांत ती शनिवार-रविवारी मराठी शिकतात, आणि इकडे उतरल्यावर पहिल्या दिवशी 'आजी, मी तुला खूप मिस केली' असे म्हणतात. आजी विरघळते. मावशीला ते इतके आवडते, की ती शेजारणीला बोलावून आणते आणि सांगते, 'परत म्हण ना, काय म्हणालीस ते.' मूल परत म्हणते. तिसऱ्या दिवशी मामा, पाचव्या दिवशी काकू, आणि दर वेळी हशा. दुसऱ्या आठवड्यात ते मूल शहाणपणाने इंग्रजीवर येते. मग मावशी उसासा टाकून म्हणते, 'तिकडच्या मुलांना मराठी येतच नाही.' त्याच वेळी तिचा स्वतःचा मुलगा, जन्म कर्वेनगरचा, शाळा इंग्रजी माध्यमाची, रिक्षावाल्याला विचारत असतो, 'काका, एकोणसत्तर म्हणजे किती?'

संख्या हा परभाषकांचा आणि अशा घरच्या परभाषकांचा सामाईक शत्रू. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द ज्या दशकात आहेत त्याचे नाव न सांगता पुढच्याचे सांगतात. त्यामुळे शिकणारा प्रत्येक वेळी दहाने फसतो आणि सुरक्षित उपाय म्हणून शंभराची नोट पुढे करतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावन्न'बरोबर 'पन्नास सात' असे सोपे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात असा गदारोळ झाला, की जणू पाढ्यांवरच कोणी हात टाकला. संतापलेल्यांपैकी कितीजण त्या संध्याकाळी दुकानात 'फिफ्टी सेव्हन देऊ का?' म्हणाले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

तरीही माणसे मराठी शिकतात, आणि आपण किती शिकलो हे त्यांना श्रोत्यांवरूनच कळते. 'किती छान बोलता' असे जोवर ऐकू येते, तोवर छान येत नाही असे समजावे. मग ते वाक्य विरळ होते आणि 'नावावरून वाटत नाही हं' हे सुरू होते. त्यानंतर 'मूळ गाव कुठलं?' असा प्रश्न येतो आणि उत्तर ऐकून विचारणारा मनाशी हिशेब जुळवत बसतो. पुढे कोणी काहीच म्हणत नाही. आणि मग एखाद्या दिवशी सरकारी कचेरीतल्या खिडकीपाशी, अर्जाला तिकीट कुठे लावायचे हे तिसऱ्यांदा विचारल्यावर, आतून खेकसणे ऐकू येते : 'मराठीत सांगितलेलं कळत नाही का?' ज्याला खरोखर मराठी येत नाही, त्याला असे कोणी विचारत नाही. त्याला तेच हिंदीत सांगतात.